जिवंतांच्या पानावरचं नाव

मी, साधू निकांद्र, सरकारी दप्तरी निकीफोर लुकीच, वय एकाहत्तर, राहणार झारेच्ये, कोस्त्रोमा प्रांत, डोकं ताळ्यावर असताना आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवतो. दबाव म्हणजे काय ते मी सतरा वर्षं कैद्यांच्या छावणीत पाहिलं आहे, तेव्हा याबाबत माझा शब्द धरावा.

१. घर मला नाही. चुलीमागची खोली स्तेपानिदाबाईंची, ती त्यांनाच परत. त्यांच्या शेळीने माझा झगा खाल्ला, तिला मी माफ केलं आहे.

२. प्रार्थनेच्या पावावर उमटवायचा क्रुसाचा लाकडी ठसा स्तेपानिदाबाईंना. छावणीत चमचा घासून केलेल्या सुरीने मी तो कोरला. पाव भट्टीत घालण्याआधी सुईने टोचावा, नाहीतर क्रूस फुगून वाकडा होतो. हे चाळीसदा सांगून झालं आहे.

३. नावांची वही येव्लांपीला. एका पानावर जिवंत, दुसऱ्यावर मेलेले. रोजच्या प्रार्थनेत दोन्ही वाचायची. मठात आम्ही एकाच खोलीत राहायचो. १९३१ साली माझ्याविरुद्धच्या साक्षीच्या कागदावर त्याची सही होती, त्यावरूनच मी छावणीत गेलो. छावणीत कोणीतरी तो मेल्याचं सांगितलं. मी त्याचं नाव मेलेल्यांत लिहिलं आणि एकवीस वर्षं त्याला सद्गती मागितली. राग होता, तरी वाचत राहिलो.

मग एके सकाळी दुकानाच्या रांगेत तो माझ्या मागे उभा. मी घाबरून सांगून टाकलं, "अरे, मी तुला मेलेल्यांत घातलंय."

तो म्हणाला, "बरोबरच घातलंस, दादा."

त्याच दिवशी नाव खोडून जिवंतांच्या पानावर लिहिलं. तेव्हापासून रोज तो सरपण आणून देतो, पण वहीला हात लावत नाही, आणि कुठल्याही कागदावर सही करत नाही, पेन्शनलाही अंगठाच देतो. येव्लांपी, माझा तुझ्यावर जीव आहे. मी गेलो की माझं नाव मेलेल्यांच्या पानावर तूच लिही. दुसऱ्या कोणाच्या हातचं मला नको.

झारेच्ये, १४ सप्टेंबर १९६८.
निकांद्र

साक्षीदार:
१. स्तेपानिदा कुझ्मिनिश्ना
२. येव्लांपी सावेल्येविच

(दुसऱ्या साक्षीदाराने सहीआधी सगळा कागद तीनदा वाचला. १९३१चा तो कागद, म्हणाला, एकदाही वाचला नव्हता. अंगठा दिला नाही, सही केली. निकांद्र.)