लताताईंच्या केसमधली माझी साक्ष

३ फेब्रु., मंगळवार
समन्स आलं. १२ तारखेला साक्ष. दुचाकीवरच्या चोरानं शेजारच्या लताताईंची साखळी खेचली, त्या पडल्या, खुबा मोडला, महिन्याभरात गेल्या. सव्वा वर्ष झालं. पाहणारी मी एकटीच. त्यांचा मुलगा मंदार येऊन पाया पडला. "काकू, तुमच्यावरच केस उभी आहे." म्हटलं, काळजी नको. पस्तीस वर्षं शाळेत काढली, चेहरा विसरत नाही मी. ओळख परेडमध्ये क्षणात बोट ठेवलं होतं.

५ फेब्रु., गुरुवार
वेळ नीट सांगता यावी म्हणून तेव्हाची रोजनिशी काढली. त्या दिवसाचं पान, माझंच अक्षर: "हेल्मेट होतं. काच खाली. तोंड दिसलं नाही. निळा शर्ट."
तीनदा वाचलं. पुण्यात हेल्मेट घालणारा एकच निघावा, तोही हा.
मला तर तोंड दिसतंय. भुवईवरचा व्रणसुद्धा. जेवण गेलं नाही.

६ फेब्रु.
व्रण सापडला. सोसायटीच्या ग्रुपवर, घटनेच्या तिसऱ्या दिवशी, अध्यक्षांनी टाकलेला फोटो. बी विंगला रंगकाम करून गेलेला संतोष, धायरीचा. "हाच असणार. सर्वांनी नीट पाहून ठेवा." खाली बेचाळीस अंगठे, त्यात माझा एक. पोलिसांना जबाब दिला तो त्यानंतर. परेड तर त्याच्याही नंतर. सांगितल्याप्रमाणे नीट पाहून ठेवलं मी.
ह्यांना सांगितलं. पेपरातून मान वर न करता म्हणाले, "सव्वा वर्षात वही उघडलीस, लवकरच म्हणायचं." तेवढा वेळ संतोष तुरुंगात आहे.

९ फेब्रु., सोमवार
सरकारी वकिलांना फोन. वहीचं सांगितलं. म्हणाले, विचारलं तेवढंच सांगा. त्या दिवशी घाबरून काहीतरी लिहिलं असेल. असेलही. लताताई रस्त्यावर विव्हळत होत्या. चोर संतोष असेलही. मला माहीत नाही. हे वाक्य कोणालाच नको आहे, मंदारला तर नाहीच. पस्तीस वर्षांचा तोरा मातीत गेला.

१२ फेब्रु., गुरुवार
कोर्टाबाहेर बाकावर संतोषची बायको. मला बघून उठली. "बाई, तुमी नीट बघितलं हाय ना? तेवढंच सांगा." मान खाली घालून आत गेले. स्वतःची लाज वाटली.
आत वकिलांनी विचारलं, तो इसम इथे हजर आहे का. बोट आपोआप उठलं. मंदार रडला. संतोष नुसता बघत राहिला, रागानंसुद्धा नाही.
उलटतपासणी सोमवारी. घरी येऊन वही पिशवीत टाकली, काढली, परत टाकली. मग डोळे मिटून आठवणीतल्या त्या चेहऱ्यावर हेल्मेट चढवून पाहिलं. बसत नाही.