पांझरेकाठचा पिवळा थर

४ मे १९८७
पोहोचले एकदाची! धुळ्याच्या उन्हाने असं स्वागत केलं की रत्नागिरीहून आईने पाहिलं असतं, तर लगेच परतीचं तिकीट काढलं असतं. लीलाधर सर स्वतः जीप घेऊन आले. पांझरेकाठचं हे गाव त्यांचंच. पुण्यातल्या हुशार मुलांना डावलून त्यांनी उत्खननासाठी मला निवडलं! राहायची सोय त्यांच्या बहिणीकडे, कमलअक्कांकडे. शेवभाजीने डोळ्यांत पाणी आलं, तर अक्का म्हणाल्या की गावात आता एवढंच पाणी उरलंय.

७ मे
दोन पुरुष खोल खड्डा. भिंतीत वाऱ्याने आणलेली पिवळी वाळू, तिच्यावर नदीचा काळा गाळ, पुन्हा वाळू, पुन्हा गाळ. म्हणजे इथे वाळवंट होतं, मग पाणी आलं, पुन्हा वाळवंट. आज शहामृगाच्या अंड्याचं कवच सापडलं! सरांनी पाठ थोपटली. बाबा गेल्यापासून अशी कुणी थोपटली नव्हती.

१२ मे
वाळूच्या प्रत्येक थराच्या माथ्याशी एक सांगाडा. बसवलेला. गळ्यात समुद्री शिंपल्यांचे मणी. इथे समुद्र कुठला? परकी माणसं असणार. आणि प्रत्येकाच्या वर लगेच गाळ, म्हणजे पाणी. सर म्हणाले, योगायोग. पण बराच वेळ बघत उभे राहिले.

१५ मे
दुष्काळाचं तिसरं वर्ष. अक्कांनी आज माझी ओटी भरली. माझं तर लग्नही झालेलं नाही. कशासाठी विचारलं, तर डोळे पुसत म्हणाल्या, “आमनं बठ्ठं गाव तुनं नाव लेई.” सगळं गाव माझं नाव घेईल म्हणे. मग गल्लीतल्या बायका येऊन पाया पडल्या. मला हे आवडलं नाही. सरांना सांगितलं. ते हसले.

१८ मे, दुपार
वाळूचं वय काढायला नमुने घ्यायचेत. कणांना उजेड लागता कामा नये, म्हणून खड्ड्यावर काळी ताडपत्री. सर म्हणाले, तुझा हात हलका, तूच उतर. उतरले. शिडी वर ओढली कुणीतरी. चुकून असेल. फटीतून थोडा उजेड येतोय, तेवढ्यात लिहितेय.

नंतर
हाका मारतेय. सर वरच आहेत, त्यांचा खोकला ओळखते मी. वाळू पडतेय. घमेली भरभरून —

समुद्राकाठची. परकी. म्हणून मला निवडलं. हुशारीसाठी नाही — सर, मी तुम्हाला बाबांच्या जागी मानलं होतं —

कमरेपर्यंत —

सर बोलले. नेहमीच्याच मऊ आवाजात. म्हणाले, शोधनिबंधावर तुझं नाव माझ्या आधी घालतो. सर, नाव नको, हात द्या, एकदाच हा —