सातव्या प्रकरणाला पेन लावलं नाही

१९ नोव्हेंबर, बुधवार

प्रिय ताई,

नमस्कार. आम्ही दोघं बरे आहोत, तुम्हीही बरे असाल असं धरून चालतो. भावोजींचा गुडघा आता जिने चढू देतो का ते कळव. हिला औषधाच्या दुकानात सकाळची पाळी मिळाली आहे, त्यामुळे मला दुपारी गरम जेवण मिळतं आणि त्यासोबत बोलणीही.

तुझं पुस्तक या पत्राबरोबर पार्सलने परत पाठवतो आहे. नऊ प्रकरणांपैकी आठ तपासून झाली. लाल पेन भरपूर चाललं आहे, रागावू नकोस. तू तीस वर्षं हेडबाई होतीस, त्यामुळे तुझी वाक्यं अजून प्रार्थनेच्या रांगेत उभी असल्यासारखी वाटतात. काहींना मी बसायला सांगितलं आहे. 'धाकटे बंधू' हे सगळीकडून काढून 'माझा धाकटा भाऊ' केलं. जन्मभर बारक्या म्हणून हाका मारल्यास, आता छापताना एकदम बंधू कशाला?

सातव्या प्रकरणाबद्दल पुढे लिहितो.

फोनवर तू म्हणालीस, "नऊ प्रकरणांना तीन महिने? बाकीचा वेळ सुया चालवत असशील." चालवत होतो. लपवायचं काय त्यात? तुझ्या पुस्तकासोबत माझ्या टेबलावर मधमाश्या पाळण्यावरचं एक पुस्तक होतं, एका दंतवैद्याच्या आठवणी होत्या आणि एका कारखान्याचा वार्षिक अहवाल होता. तेवढ्यात मी दोन मफलर, शेजारच्या शिंपीणबाईंसाठी लाकडाची बावीस बटणं आणि चहाच्या किटलीला एक टोपडं इतकं केलं. टोपडं कोणी मागितलं नव्हतं. अहवालातलं अकरावं पान इतकं कंटाळवाणं होतं की किटलीची दया आली.

तुला वाटतं, मी काम टाळायला विणतो. कधीकधी टाळतोही, नाही कशाला म्हणू. पण माझी रीत अशी आहे की दहा पानं वाचायची, मग कागद पालथे घालायचे आणि चार ओळी विणायच्या. हात गुंतले की वाचलेलं डोक्यात पुन्हा चालायला लागतं, आणि जे खोटं असतं ते तिथे अडखळतं. दंतवैद्यांच्या तिसऱ्या प्रकरणात एक म्हातारे पेशंट वारले आणि पाचव्यात कवळी बसवायला आले. हे मला वाचताना दिसलं नाही, मफलरची कड विणताना दिसलं. दंतवैद्य म्हणाले, "बरं झालं सांगितलंत, त्यांच्या घरचे वाचणार आहेत." माझं पोट या कामावर गेली एकवीस वर्षं चाललं आहे. नोकरी सोडली तेव्हा तू म्हणाली होतीस की सहा महिन्यांत हात जोडत परत जाशील. गेलो नाही, एवढं तरी मोजशील की नाही?

तुझ्या पुस्तकाच्या वेळीही तसंच झालं. सातवं प्रकरण वाचून कागद पालथे घातले आणि सुया घेतल्या. चार ओळींच्या चाळीस झाल्या तरी मी कागद पुन्हा सुलटे केले नाहीत.

ही आत्ता मागून वाचून गेली. म्हणाली, "तीन पानं झाली, अजून मुद्द्यावर आला नाहीत. दुसऱ्या कोणाचं असतं तर केव्हाच कापलं असतंत." तिला दुकानात जायचं आहे आणि मला चहा करायचा आहे. उरलेलं उद्या लिहितो.

२० नोव्हेंबर, गुरुवार

तर सातवं प्रकरण. तू लिहिलं आहेस: 'बाबांना शेवटपर्यंत एकच खंत होती. लोखंडाला आकार देणाऱ्या माणसाचा एकुलता एक मुलगा कायमची नोकरी सोडून बायकांसारखा लोकरीत गुंतला. ते कधी बोलले नाहीत, पण त्यांच्या नजरेत मला ते दिसायचं.'

ताई, मी संपादक आहे. हे वाक्य उडवायला मला एक रेघ पुरली असती. 'ओघ तुटतो' असं समासात लिहिलं असतं तर तू मानही डोलावली असतीस. पण स्वतःच्या बाजूने लाल पेन चालवायचं नाही, हा या धंद्यातला माझा एकच सोवळा नियम आहे. म्हणून त्या प्रकरणात तुला एकही खूण सापडणार नाही. शुद्धलेखनसुद्धा तसंच ठेवलं आहे.

आता मला माहीत आहे ते सांगतो. तू होस्टेलवर गेलीस त्याच वर्षी कारखान्यात बाबांचा उजवा हात लेथ मशीनमध्ये सापडला. तुझ्या पुस्तकात त्याला तीन ओळी आहेत आणि तो तुझा दोष नाही, तुझा अभ्यास बुडेल म्हणून तुला कळवलंच तेवढं होतं. खरं म्हणजे ते चार महिने घरी होते आणि दोन बोटं वळत नव्हती. डॉक्टर म्हणाले, बोटं हलती ठेवा, रबरी चेंडू दाबत बसा. दोन दिवस बाबांनी चेंडू दाबला आणि तिसऱ्या दिवशी खिडकीतून भिरकावून दिला. तेव्हा आईने त्यांच्या हातात सुया दिल्या. म्हणाली, "नुसते बसून माझं डोकं खाताय, त्यापेक्षा हे करा."

आई उजव्या हाताची, बाबा डावरे. ती समोर बसून दाखवायची आणि ते आरशात बघितल्यासारखं उतरवून घ्यायचे. त्यात ते लोकर उलट्या बाजूने फिरवायचे. आईचा टाका पाय सरळ ठेवून उभा असतो. बाबांच्या टाक्याचे पाय खाली एकमेकांत अडकतात, पायावर पाय टाकून बसलेल्या माणसासारखे. आईने दहादा सांगितलं. बाबा म्हणाले, "घट्ट बसतंय ना? मग राहू दे." मी चौदा वर्षांचा होतो, आईच्या बाजूला बसून तिच्याकडून शिकलो, म्हणून माझा टाका सरळ आहे. आम्ही तिघं दुपारी दार लावून विणायचो. मी शाळेतून धावत घरी यायचो ते यासाठी.

बोटं बरी झाली, बाबा कामावर गेले, पण विणणं सुटलं नाही. कारखान्यात कळलं असतं तर हसून हसून जीव घेतला असता, म्हणून ते बाहेर कुठे बोलले नाहीत. तुला मात्र ते सांगणार होते. तेवढ्यात कॉलेजच्या अंकात तुझा निबंध आला, 'पोलादी हात'. बाबांनी ते पान घडी करून वर्षभर खिशात ठेवलं. मग एकदा आईला म्हणाले, "आता हिला काय सांगू, हे हात काय करतात ते?"

बाबांनी मला शपथ घातली होती म्हणून मी गप्प राहिलो, असं मी हिला इतकी वर्षं सांगत आलो. काल रात्रीपर्यंत तुलाही तसंच लिहिणार होतो. ते खरं नाही. आई गेल्यावर, शेवटच्या दोन वर्षांत बाबांना नीट दिसायचं नाही, तरी नुसत्या हाताने चाचपून विणायचे. त्या दिवसांत ते मला तीन वेळा म्हणाले, "ताईला सांगून टाक रे. आता कशाला लपवायचं?" तिन्ही वेळा मी हो म्हणालो. आणि सांगितलं नाही.

का, ते ऐक. बाबांचं सगळं तुझंच होतं. तुझा निबंध खिशात, तुझी पदवी भिंतीवर, येणाऱ्याजाणाऱ्याला 'माझी मुलगी हेडबाई आहे' हे पाणी विचारायच्या आधी. माझ्याबद्दल विचारलं तर 'तो घरूनच करतो काहीतरी' म्हणायचे. पण दुपारी सुया घेऊन बसले की ते फक्त माझे असायचे. तेवढी एक गोष्ट तुझ्या वाट्याला जाऊ द्यायची नव्हती मला. हेवा म्हण, कोतेपणा म्हण, दोन्ही कबूल. तू सातव्या प्रकरणात जे लिहिलंस ते माझ्या त्या गप्प बसण्यातून उगवलं आहे. त्याची माफी मागतो, आणि ती अर्धीमुर्धी नाही.

पण माफी तेवढ्याचीच. विणण्याची नाही, नोकरी सोडल्याची नाही आणि किटलीच्या टोपड्याचीही नाही. बाबांच्या नजरेत तुला जे दिसलं ते काय होतं, मला ठाऊक नाही. कदाचित तुझ्यासमोर हात रिकामे ठेवून बसावं लागायचं, त्याचा वैताग असेल.

माझ्यावर विश्वास ठेव असं म्हणत नाही. ज्याचं भांडण त्याचीच साक्ष तू शाळेतही कधी धरली नाहीस. पान चौसष्टवर तू स्वतःच लिहिलं आहेस की होस्टेलच्या पहिल्या थंडीत पार्सलने आलेला निळा स्वेटर, 'आईच्या हातची ऊब', तू अजून कपाटात जपून ठेवला आहेस. तो बाहेर काढ. दिवसाउजेडी खिडकीपाशी ने आणि चष्मा लावून कोणतीही एक बाही बघ.

टाके पाय सरळ ठेवून उभे असतील तर पुस्तक आहे तसं छापायला दे. मी सातव्या प्रकरणाचं शुद्धलेखन तपासून देईन आणि पुन्हा कधी चकार शब्द काढणार नाही. पायात पाय अडकलेले असतील तर पेन तू उचलायचं. ते वाक्य तुझं आहे, ते मी काढणार नाही. छापखानेवाले थांबतील, मी त्यांना सांगून ठेवलं आहे.

घाई करू नकोस. मी इथे टेबलाशीच आहे, मधमाश्यांची शंभर पानं राहिली आहेत आणि एक हातमोजा अर्धा आहे.

भावोजींना नमस्कार.

तुझा बारक्या,
ज्याने त्या बाह्यांसाठी लोकर धरली होती

ता. क. डाव्या बाहीत कोपराजवळ एक टाका सुटलेला आहे. बाबा उसवायला निघाले होते, आईने उसवू दिलं नाही. म्हणाली, "राहू दे, कधीतरी तिला कळू दे कोणी केलंय ते."