बोली बाबांचीच

गिरीज, वसई

प्रिय सलोनीताई,

तिकडे निघालेली एस्थर हे पत्र स्वतः तुझ्या हातात देईल. सोबत आपल्या वाडीतल्या केळ्यांची सुकेळी पाठवणार होते, पण तुमच्या ऑकलंडच्या विमानतळावर काढून घेतात म्हणे, म्हणून नुसतं पत्रच. फोनवर बोलले असते, पण तुझं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "बाबांना दे." आणि बाबा शेजारी खुर्ची ओढून बसलेलेच असतात. मेसेज केला असता तर तू तो वाचून लगेच त्यांनाच फोन लावला असतास.

घोडीचं प्रकरण तुला अर्धवट माहीत आहे. बाबांनी तुला हसत हसत सांगितलं, "तुझ्या बापानं शर्यतीची घोडी घेतली!" तूही हसलीस आणि मला लिहिलंस, "असू दे गं, हौस आहे त्यांची." ताई, माझं डोकं असं फिरलं की मी तुला उत्तरच दिलं नाही. हौस! केळीच्या वाडीत घोडी कुठे बांधायची, तेवढं तरी सांगायचंस.

झालं ते असं. शेजारच्या बॅप्टिस्टकाकांनी घोड्यांना शर्यतीसाठी तयार करायचं काम सोडलं, पण पुण्याचा घोड्यांचा लिलाव काही सुटत नाही. दरवर्षी तिथल्या जुन्या माणसांना भेटायला जातात आणि बाबांना सोबत नेतात. यंदाही दोघं जाऊन पुढच्या रांगेत बसले. तिथे कुणी ओरडून बोली लावत नाही. बोट हललं, मान हलली, की लिलाव कंपनीची माणसं टिपतात आणि आकडा वर जातो. एका तांबूस घोडीवर मुंबईच्या एका मालकाची बोली येऊन थांबली होती. तेवढ्यात बाबांचा उजवा हात हलला. कंपनीच्या माणसाला वाटलं, हे गृहस्थ पुढे जातायत. हातोडा पडला. नाव विचारायला माणूस आला तेव्हा कुठे काकांना कळलं.

काका लगेच उभे राहिले. म्हणाले, गैरसमज झाला, यांना घोडी नकोय. लिलाव करणारा समजूतदार होता, घोडी पुन्हा बोलीला काढतो म्हणाला. विषय तिथेच संपत होता. पण बाबा उठले आणि भर सभेत म्हणाले, "गैरसमज नाही. बोली माझीच आहे."

मग मुंबईच्या मालकाने तक्रार केली की ही बोली नव्हतीच, घोडी मला मिळायला हवी. कंपनीने सगळ्यांना मुंबईच्या ऑफिसात बोलावलं. आता गंमत बघ. त्या मालकाला घोडी हवी होती, कंपनीला भानगड मिटवायची होती, काका साक्ष द्यायला तयार होते. आईच्या नावची ठेव मोडल्याशिवाय आपल्याला ती घोडी परवडणार नव्हती. सगळ्यांनी आपल्यासाठी दार उघडून धरलेलं आणि बाबा आतून कडी लावून बसलेले! रोज शाळेतलं काम आटपलं की एव्हरशाईन सिटीहून स्कूटरवर इकडे यायचं आणि त्यांच्याशी भांडायचं, हेच माझं काम झालं होतं. "घोडी कशाला हवी?" म्हटलं की "चांगली आहे" म्हणायचे. "कशावरून?" तर म्हणे, "पाय बघितलेस तिचे?" एक दिवस मी विचारलं, तिचा रंग कोणता? त्यांना सांगता येईना. जो माणूस टिचकी मारल्याशिवाय नारळ घेत नाही, त्याने रंगही न बघता घोडी घेतली होती. आई म्हणाली, "पुरे गं, किती छळशील?" म्हणजे छळणारी मीच.

तुला व्हिडिओवर बाबा डावा हात हलवून अच्छा करतात. उजवा कधी दिसलाय? वर्षभर तो मांडीखाली असतो. चहा अर्धा कपच घेतात, दाढी नाक्यावर करून येतात. गणपतीत आरतीचं तबक त्यांनी कुशलच्या हातात दिलं, म्हणाले, जावयाचा मान. आम्ही सगळे कौतुकाने बघत राहिलो. डॉक्टरांची वेळ घेतली की त्याच दिवशी वाडीला पाणी सोडायचं असतं. विचारलं तर म्हणतात, कोयता चालवून हात भरून येतो. कोयता त्यांनी कधीच खाली ठेवलाय, ताई.

परवा ऑफिसात कंपनीच्या साहेबांनी अगदी अदबीने विचारलं, "काका, हात कसा वर केला होता, जरा दाखवता?" बाबांनी सदऱ्याची बाही सारखी केली आणि हात वर धरला. क्षणभर स्थिर राहिला. मग बोटं थरथरायला लागली, मग मनगट, मग कोपरापर्यंत सगळा हात. त्यांनी डाव्या हाताने तो धरला, तर दोन्ही हलायला लागले. तक्रार करणारा मालकसुद्धा खाली बघू लागला. बाबा म्हणत होते, "असाच, असाच केला होता." मला बघवेना. मी त्यांचा हात धरून खाली घेतला आणि म्हणाले, "साहेब, त्यांचा हात असाच असतो. ती बोली नव्हती."

पुढे काही उरलंच नाही. घोडी त्या मालकाला मिळाली, आपण सुटलो. इतके दिवस मला जे हवं होतं ते झालं, आणि मला बरं वाटलं नाही. राग येत होता. बाबांचा, कारण घोडी पदरात घेणं त्यांना 'हात थरथरतो' म्हणण्यापेक्षा सोपं वाटलं. तुझा, कारण तुला ते धडधाकट दिसतात. माझा तर विचारूच नकोस, चारचौघांत ते बोलून टाकणारी मीच ना?

परतताना घोडबंदरला गाडी नेहमीसारखी अडकली. कुशल गाडी चालवत होता, काका झोपले होते. बाबा खिडकीबाहेर बघत होते. तसेच बघत म्हणाले, "डॉक्टरकडे येतो मी." मी हो म्हटलं. मग म्हणाले, "सलोनीला यातलं काही कळवू नकोस. सगळं टाकून धावत येईल ती." मी त्यालाही हो म्हटलं. ताई, म्हणून तर हे लिहिलंय. धावत ये.

तुझीच,
रेवा