बागेचे पाणी आणि रितिकाची गादी

काटोल,
८ डिसेंबर

चि. सौ. कामिनीस अनेक उत्तम आशीर्वाद.

फोनवर बोललो की रितिका कान देऊन ऐकते, म्हणून संत्र्याच्या पेटीत हे पत्र ठेवले आहे. आठ वर्षांची पोर अजून गादी ओली करते, म्हणून स्वानंदच्या लग्नात तू तिला मुक्कामाला ठेवणार नाहीस, हे मला पटले नाही. सगळी पोरं एका ओळीत झोपणार आणि सख्ख्या मामाच्या लग्नातून ती तेवढी रात्री घरी परत जाणार?

बहार धरायला, झाडांनी एकदम फुलावे म्हणून, आपण बागेचे पाणी तोडतो. तसे तिचेही दुपारपासून तोड. तुझी आई म्हणते, पोरीले काय संत्र्याचं झाड समजून राहिले काय. तिकडे लक्ष देऊ नकोस.

लोभ आहेच, पेटी परत पाठवावी.

तुझा,
बाबा

प्रताप नगर, नागपूर,
१२ जानेवारी

ती. बाबांस कामिनीचा शि. सा. नमस्कार.

तुमचा उपाय ऐकून डॉक्टरीणबाई खूप हसल्या. पाणी मुळीच तोडू नका म्हणाल्या. दिवसा भरपूर पाजा, झोपण्याआधी तेवढे कमी. आमचीच चूक निघाली. रितिका संध्याकाळी टॅबवर कार्टून पाहत लघवी दाबून बसायची आणि सोफ्यावरच झोपायची. सौरव तिला तशीच उचलून गादीवर ठेवायचे.

आता जेवणाआधी टॅब कपाटात जातो आणि झोपताना ती बाथरूमला जाऊन येते. ओले झाले तरी रागवायचे नाही, कारण ती मुद्दाम करत नाही. आधी टॅबसाठी फार रडली. आता बापाला पत्त्यांत हरवते. गादी अधूनमधून ओली होतेच. काल तिने विचारले, लग्नात ओळीत झोपू देशील काय. मी हो म्हटले.

लोभ असू द्यावा, नातीला झाड समजू नये.

तुमची,
कामिनी

काटोल,
१८ फेब्रुवारी

चि. सौ. कामिनीस आशीर्वाद.

लग्नाच्या धावपळीत तुला कळले नाही, म्हणून लिहितो. सकाळी रितिकाची गादी कोरडी होती. पण ती मागच्या नळावर देवकीच्या बंटीसोबत चादर पिळत होती. मला पाहून म्हणाली, नानाजी, तांब्या सांडला. मग बंटीला हळूच समजावू लागली की डॉक्टर सुई टोचत नाहीत, फक्त रात्रीचा मोबाईल बंद करतात.

देवकी तुझीच बहीण, तिनेही तुझ्यासारखेच लपवले होते. आणि बंटीला रात्री मोबाईल मीच दिला होता. आता दिवेलागणीला माझाही फोन कपाटात जातो, किल्ली तुझ्या आईकडे.

बाग फुलली आहे. लोभ वाढू दे. आणि रितिकाला सांग, तांब्याच सांडला होता, मी स्वतः पाहिला.

तुझा,
बाबा