पहिली उतरण

...आणि डॉक्टरांच्या मोटारीत ते चामडं मीच बसवलं होतं, दादाने नव्हे. हे आधी नोंदवतो, मग बाकीचं.

माझं वय तेवीस. डोकं ठिकाणावर आहे, प्यालेलो नाही, कोणी मानगूट धरून लिहवून घेत नाही. कायद्याचे शब्द कचेरीतल्या कारकुनाला विचारून घातले, राग माझा स्वतःचा. रविवारी इथल्या मालकांची मोटार टेकडीवरून उतरवणार आहे. खाली धड पोचलो नाही तर हा कागद खरा धरावा. घरी वहिनीने तो मोठ्याने वाचावा, मधलं गाळू नये.

एक. पाने, कानस, हातोडी पेटीसकट दादाला. घरातलं सगळं आधीपासून त्याचंच आहे, ही पेटी तेवढी राहिली होती.

दोन. निळा कोट बाबांना. बाह्या लांब होतील, दुमडाव्यात. बाबांच्या गॅरेजचा नियम असा की ब्रेक ज्याने दुरुस्त केला, त्यानेच गाडी पहिल्यांदा उतारावरून आणायची. नियम सगळ्यांना, मला सोडून. मी दुरुस्त केलेल्या तिन्ही गाड्या दादाने उतरवल्या. मला म्हणायचा, तू खाली उभा राहून बघ. मी बघायचो आणि लोक त्याची पाठ थोपटायचे.

तिसरी गाडी डॉक्टरांची. ब्रेक दाबला की उजवीकडे ओढायची. मी थांबवून मागच्या दोन्ही चाकांच्या ड्रमवर हात ठेवला. उजवा तापलेला, डावा गार, म्हणजे डावा पकडतच नव्हता. आसातून तेल झिरपून आतला चामडी पट्टा भिजला होता. तो मी रॉकेलने पुसला आणि परत बसवला. वरून कोरडा, पोटात तेल. अर्ध्या उतारावर डावा ब्रेक सुटला, गाडी फिरली, दादा भिंतीवर गेला. त्याचा उजवा पाय आखूड झाला. तशा अवस्थेत बाबांना म्हणाला, "चामडं मी बसवलं होतं."

शाबासकी त्याची होतीच, माझी चूकही त्यानेच घेतली. मी घर सोडलं ते म्हणून. वहिनी समजते पगारासाठी.

तीन. ती चूक सगळीच्या सगळी माझ्या नावावर करावी. तिच्यात दादाचा हिस्सा नाही.

चार. मालकांच्या मोटारीला तोच रोग होता. ह्या खेपेस आसावरची झिजलेली चकती बदलून तेल थांबवलं, दोन्ही चाकांना नवे पट्टे घातले, दोन्हीकडचे ब्रेकचे दांडे मापून सारखे केले. सपाटीवर दहा वेळा थांबवली, दोन्ही ड्रम सारखे गरम. उतार तेवढा राहिला. हे मी घरी कळवलं, तीच चूक झाली. दादाचं उत्तर आलं: "तू गाडीत बसू नकोस. भाडं पाठव, शनिवारी पोचतो, पहिली उतरण मी घेतो." म्हणजे हा लंगडत येणार आणि इथेही मी खाली उभा राहून बघणार.

पाच. मोच्याने उंच तळाच्या बुटाचे अकरा रुपये सांगितलेत, असं वहिनीने लिहिलं होतं. दादा म्हणतो नंतर बघू. नंतर नाही, ह्याच आठवड्यात शिवून घ्यावा.

साक्षीदार: मालकांचा ड्रायव्हर (रविवारी गाडीत बसायला नाही म्हणाला, सही मात्र लगेच केली). खानावळवाल्या मावशी, अंगठा.

लिहून देणार: धाकटा, सही.

ठिकाण: गॅरेजवरची खोली. उतरणीआधीचा सोमवार, जेवणाची सुट्टी.

ता. क. इकडे यायचं भाडं चौदा रुपये आहे. दादाला ह्या कागदासोबत पाठवत आहे रुपये अकरा.