खिडकीतले कुरळे केस

रविवार, संध्याकाळ. डिलाईल रोड.

काल लिहिलं, दादरच्या दुकानदारकाकांनी मी केलेला केसांचा टोप खिडकीत छान मांडलाय. चूक. ते रस्त्यापलीकडून बघून लिहिलं होतं. आज जवळ गेले, तर खाली चिठ्ठी: ‘चेटकीण. फॅन्सी ड्रेस.’

चेटकीण!

सुती धागा, हिरड्याच्या आणि गंजाच्या पाण्यात काळा केलेला, आत्याने शिकवलं तसा. ओला असतानाच एकेक बट काडीवर गुंडाळून वाळवली, म्हणून कुरळा. शेजारच्या शारदामावशींचे केस असेच होते. कॅन्सरच्या औषधांनी गेले. नायलॉनचा सरळ टोप घालून त्या आरशाला म्हणाल्या होत्या, “ही कोण गं बाई?” म्हणून त्यांच्यासाठी असा एक केला. तसाच दुसरा दुकानात विकायला दिला.

काकांना म्हटलं, “काका, ही चिठ्ठी...”

“अगं, झिंज्या त्या! चेटकिणीलाच शोभतात. पोरं खूश होतात.” आणि लगेच गिऱ्हाइकाकडे वळले, “हां, बोला मॅडम.”

झिंज्या? जन्मभर मावशींनी याच केसांत गजरा माळला. आणि मी काय केलं? “बरं” म्हणून बाहेर आले. बरं काय त्यात?

बुधवारी मावशी टोप घालून पहिल्यांदाच बाहेर पडणार आहेत, दादरला गजरा घ्यायला. त्याच खिडकीवरून. डोक्यावर तेच केस, आणि काचेत ती चिठ्ठी.

उद्या दुकान बंद. मंगळवारी उघडताच जाणार. चिठ्ठी मीच फाडणार. टोप परत घेणार, पण पिशवीत नाही भरणार, डोक्यावर घालून घरी येणार.